युद्ध फक्त खेळण्यातल्या शिपायांचं असावं म्हणणारा एच. जी. वेल्स वर्षभरातच खऱ्या युद्धाची बाजू मांडायला लागला

एक मोठं टेबल. त्यावर हिरवं कापड अंथरलेलं. एका बाजूला छोटीशी टेकडी आणि टेकडीवर बोटाच्या पेराएवढे सॅक्सन सैनिक ढालीला ढाल लावून उभे. खालच्या अंगाला नॉर्मन तिरंदाज, त्यांच्यामागे घोडेस्वार. टेबलाच्या दोन टोकांना दोन चांगली पोक्त माणसं, हातात मापाची टेप आणि फासे.

एकजण टेपने मोजून घोडेस्वार पुढं सरकवतो. दुसरा फासे टाकतो. १४ ऑक्टोबर १०६६ ला इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जजवळ जे झालं तेच या टेबलावर होईल याची काही गॅरंटी नाही. इथं विल्यम हरू शकतो आणि राजा हॅरॉल्ड संध्याकाळी जिवंत घरी जाऊ शकतो.

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. युरोप-अमेरिकेत त्याचे क्लब आहेत, स्पर्धा होतात. एकेक सैनिक ब्रशने रंगवण्यात लोक रात्री घालवतात. व्हायकिंग विरुद्ध सॅक्सन, फ्रँक विरुद्ध अरब, पाहिजे ती जोडी लावा आणि खेळा.

बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध पोरखेळ वाटतो. पण हा पोरखेळ मोठ्या माणसांनी नियम लावून कसा खेळायचा, हे सामान्य वाचकांसाठी पुस्तकात लिहून ठेवणारा माणूस साधासुधा नव्हता. टाइम मशीन त्याच्या डोक्यातून आली. अदृश्य माणूस त्याचाच. मंगळावरून पृथ्वीवर हल्ला करणारे जीव त्याचेच. आणि अणुबॉम्ब हा शब्द बॉम्ब बनायच्या तीस वर्षं आधी छापून आणणाराही तोच.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स. घरच्यांसाठी बर्टी.

बर्टीचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमलीतला. वडील जोसेफ वेल्स चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवायचे. दुकान कसलं, नावालाच. त्याच दुकानात क्रिकेटच्या बॅटी पण विकायला ठेवलेल्या असायच्या, कारण जोसेफरावांचा खरा जीव क्रिकेटमध्ये होता. आणि गडी साधा क्रिकेटर नव्हता. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्याने लागोपाठ चार बॉलवर चार विकेट काढल्या होत्या. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं करणारा तो पहिला माणूस. आज क्रिकेटच्या रेकॉर्डमध्ये बापाचं नाव आहे आणि साहित्याच्या इतिहासात पोराचं, असं हे घर.

पण रेकॉर्डने घर चालत नाही. १८७७ मध्ये जोसेफ पडले, मांडीचं हाड मोडलं आणि क्रिकेटमधून येणारे चार पैसे बंद झाले. आई सारा लग्नाआधी मोठ्या घरात मालकिणीच्या तैनातीला होती. ती परत नोकरीला गेली, ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीवर, घरकामाची मुख्य म्हणून.

याच्या तीनेक वर्षं आधी बर्टीचाही पाय मोडला होता. सात वर्षांचं पोर, अंथरुणाला खिळलेलं. वडील लायब्ररीतून पुस्तकं आणून द्यायचे आणि हा वाचत पडायचा. त्या पडून राहण्यानेच आपल्याला लेखक केलं, असं तो पुढं मानायचा.

आईचं मत वेगळं होतं. तिच्या दृष्टीने गरिबाच्या पोराला इज्जतीची नोकरी एकच, कापडाच्या दुकानात. तिने बर्टीला साउथसीच्या एका मोठ्या कापड दुकानात उमेदवारीवर चिकटवलं. दिवसाला तेरा तास काम, ताग्यांच्या घड्या घालायच्या, गिऱ्हाइकापुढं वाकायचं आणि रात्री इतर पोरांबरोबर दुकानाच्याच खोलीत झोपायचं. दोन वर्षं त्याने काढली. मग एका रविवारी सकाळी उपाशीपोटी निघाला आणि १७ मैल चालत आईकडं अपपार्कला पोचला. काही झालं तरी परत जाणार नाही, हे सांगायला.

या चालण्याने त्याचं आयुष्य फिरलं. मिडहर्स्टच्या शाळेत तो शिकत शिकत शिकवायला लागला. १८८४ ला सरकारी स्कॉलरशिप मिळवून लंडनमध्ये विज्ञान शिकायला गेला. तिथं जीवशास्त्राला शिक्षक कोण, तर थॉमस हक्स्ले. डार्विनची बाजू घेऊन भल्याभल्यांशी भांडणारा माणूस. माणूस हा प्राणी आहे, तो बदलत आलाय आणि संपूही शकतो, ही गोष्ट हक्स्लेच्या वर्गात वेल्सच्या डोक्यात पक्की बसली. त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांच्या मुळाशी तीच आहे.

त्यानंतर शिक्षकाच्या नोकऱ्या, फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला झालेली जबर दुखापत, रक्ताच्या उलट्या, चुलत बहिणीशी केलेलं आणि न टिकलेलं लग्न. तब्येतीने शिकवणं सुटलं तेव्हा लिहिणं हाच धंदा उरला. १८९५ ला टाइम मशीन आलं. पुढच्या तीन वर्षांत डॉक्टर मोरोचं बेट, अदृश्य माणूस, मंगळवासीयांचं आक्रमण. तिशी ओलांडेपर्यंत दुकानातला पोरगा जगभर वाचला जायला लागला होता. दुसरी बायको एमी कॅथरिन, जिला तो जेन म्हणायचा, तिच्यासोबत त्याने समुद्रकाठच्या सँडगेटला घर बांधलं. १९०१ ला जॉर्ज फिलिप उर्फ जिप जन्मला, १९०३ ला फ्रँक.

इथून शिपायांची गोष्ट सुरू होते.

त्या काळात इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांत शिशाच्या शिपायांचा सुळसुळाट होता. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन या खेळणी बनवणाऱ्या घराण्याने आतून पोकळ शिपाई ओतायची पद्धत काढली. शिसं कमी लागायचं, म्हणून खेळणी स्वस्त झाली. त्यांच्यासोबत यायची एक छोटी तोफ. तिच्यात स्प्रिंग असायची आणि ती इंचभर लाकडी गोळा बऱ्यापैकी नेम धरून फेकायची. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

एके दिवशी वेल्स एका लेखक मित्राबरोबर जेवत होता. खोलीभर पोरांची खेळणी पडलेली. वेल्सने या मित्राची फक्त आद्याक्षरं दिली आहेत, जे. के. जे. ही अक्षरं थ्री मेन इन अ बोट लिहिणाऱ्या जेरोम के. जेरोमची, असं मानलं जातं. जेवण झाल्यावर या मित्राने तोफ उचलली, शेजारच्या टेबलावरच्या शिपायावर नेम धरला आणि पाडला. मग दुसऱ्याने प्रयत्न केला. मग पैज लागली. दोन नामांकित लेखक दुपारभर शिपाई पाडत बसले.

दुसरा कोणी असता तर विसरून गेला असता. वेल्स विज्ञानाचा विद्यार्थी. त्याने विचार केला की या पाडापाडीचा खरा खेळ कसा होईल?

पहिल्या प्रयत्नात लक्षात आलं की तोफ फार अचूक आहे. त्यामुळं दोन्ही बाजू आडोशाला लपून बसतात आणि लढाई होतच नाही. मग हालचालीचे नियम आले. पायदळाने एका डावात एक फूट चालायचं, घोडदळाने दोन फूट. एका डावात तोफ एकतर हलवायची नाहीतर डागायची, दोन्ही नाही. तोफेजवळ किमान चार माणसं नसतील तर ती गप्प. डावाला घड्याळ लावायचं, म्हणजे विचार करत बसणाऱ्याची सेना जागेवरच राहते. सैन्य मांडताना मधे पडदा, म्हणजे समोरच्याचा बेत आधी कळत नाही. समोरासमोर भिडले तर कोण किती मेले आणि कोण कैद झाले, याचंही गणित ठरलेलं. जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची घरं, फांद्यांची झाडं. सुरुवातीला तर जाडजूड विश्वकोशाचे खंड आडवे टाकून डोंगर-भिंती केल्या होत्या. फासे मात्र नव्हते. माणूस पडायचा तो नेमाने.

पाहुणा आला की वेल्स त्याला गुडघ्यावर बसवायचा. चाळिशीचा, जगप्रसिद्ध, पोट सुटलेला माणूस जमिनीवर पालथा पडून तोफेचा नेम धरतोय, असं चित्र त्या घरात नेहमीचं होतं. जेन फोटो काढायची. १९११ ला त्याने पोरांबरोबरच्या जमिनीवरच्या खेळांवर फ्लोअर गेम्स हे छोटं पुस्तक काढलं आणि १९१३ ला लिटल वॉर्स. मुखपृष्ठावर खेळणाऱ्यांचं वय बारा ते दीडशे असं दिलेलं. मुलींपैकी फक्त हुशार मुलींना परवानगी होती. हे वाक्य आज वाचताना त्याचाच कान धरावासा वाटतो.

लढाई छोट्या शिपायांवर खेळायची कल्पना वेल्सची पहिली नव्हती. प्रशियाचं सैन्य १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा युद्धखेळ वापरत होतं. ट्रेझर आयलंडचा लेखक स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर शिपायांच्या मोहिमा खेळायचा. पण प्रशियाचा खेळ फौजी लोकांचा होता, किचकट होता. स्टीव्हन्सनचा घरातच राहिला. वेल्सने कुणीही उचलून खेळावं असं पुस्तक बाजारात आणलं.

आणि त्या पुस्तकाच्या शेवटी त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या आयुष्यभर त्याच्या मागं लागली.

त्याचा मुद्दा साधा होता. ज्याने हा खेळ तीन-चार वेळा खेळलाय त्याला कळतं की सेनापती किती चुका करतो. आयत्या वेळी गोंधळतो, घोडदळ चुकीच्या जागी घुसवतो, तोफ विसरतो. टेबलावर त्या चुकीची किंमत शिशाचे दहा शिपाई. खऱ्या मैदानावर तीच चूक माणसांच्या अंगावर येते. युद्धाचा खेळ माणसाच्या अकलेला झेपण्यापलीकडचा आहे, तो खेळण्यांपुरताच ठेवावा. ज्या राजांना आणि पुढाऱ्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांना एका मोठ्या खोलीत बंद करा, पाहिजे तेवढे शिपाई द्या आणि आम्हाला आमची कामं करू द्या, अशी त्याची सूचना होती. गंमतीत लिहिलेली, पण आतून गंभीर.

हे १९१३ साल.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी वेल्सला आणखी एक मुलगा झाला. आई जेन नव्हती, तरुण लेखिका रिबेका वेस्ट होती. मुलाचं नाव अँथनी. वेल्सची प्रेमप्रकरणं हा लपून राहिलेला विषय नव्हता, जेनलाही माहीत होता. त्यात सगळ्यात जास्त सोसलं ते जेन, रिबेका आणि त्या पोराने.

आणि युद्धाबद्दल वेल्सने काय केलं? ज्याने वर्षभरापूर्वी युद्धखोरांना खोलीत कोंडायला सांगितलं होतं, त्याने लेखणी उचलली आणि या युद्धाची बाजू मांडायला घेतली. जर्मनीची लष्करशाही मोडून काढली की कायमची शांतता येईल, असं त्याला मनापासून वाटलं. त्याच्या लेखांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. युद्ध संपवणारं युद्ध, हा त्या पुस्तकाच्या नावातला शब्दप्रयोग जगभर पसरला. भरती होणारी पोरं तो म्हणत गेली. पुढं चिखलात कुजत पडल्यावर तोच शब्दप्रयोग टोमणा म्हणून वापरला गेला.

वेल्सला युद्ध कळत नव्हतं म्हणून तो चुकला असं म्हणायची सोय नाही. १९०३ सालीच त्याने एका कथेत खंदक ओलांडणारी चिलखती गाडी रंगवली होती. खरे रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ ला सॉमच्या लढाईत उतरले. त्या वर्षी तो स्वतः फ्रान्स आणि इटलीच्या आघाड्या बघून आला. १९१८ मध्ये तो ब्रिटिश सरकारच्या प्रचार खात्यात शत्रूविरुद्धचा मजकूर तयार करायच्या कामाला बसला होता. म्हणजे यंत्रं कशी असतील हे त्याला दशकभर आधी कळत होतं. ती चालवणारी माणसं कशी वागतील, याचा अंदाज मात्र त्याने शिपायांच्या खेळात बरोबर बांधला आणि खऱ्या युद्धाच्या तोंडावर सोडून दिला.

शांतता आली ती त्याच्या मनासारखी नव्हती. व्हर्सायचा तह त्याला सूडबुद्धीचा वाटला. त्याच्या मते गाडं मुळातच बिघडलं होतं. प्रत्येक देश आपापल्या राजांचा आणि लढायांचा इतिहास शिकवतो, मग पोरं दुसरं काय करणार? म्हणून त्याने सगळ्या मानवजातीचा एकच इतिहास लिहायला घेतला. १९२० च्या सुमाराला आलेला हा प्रचंड ग्रंथ तुफान खपला. कादंबऱ्यांनी मिळवून दिले नसतील एवढे पैसे त्याला या इतिहासाने दिले. तो लेनिनला भेटला, पुढं १९३४ ला स्टालिनला भेटला, रूझवेल्टला भेटला. जगाचं एकच सरकार पाहिजे, हे तो सगळ्यांना सांगत फिरला. ऐकून सगळे घेत होते.

घरची बाजू पण चालू होती. जेन १९२७ ला कॅन्सरने गेली. जमिनीवर शिपाई मांडणारा जिप आता प्राणिशास्त्रज्ञ झाला होता. बापलेकांनी थॉमस हक्स्लेचा नातू ज्युलियन याला सोबत घेऊन जीवशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. वेल्सला मधुमेह होता. १९३४ मध्ये डॉक्टर आर. डी. लॉरेन्सबरोबर मिळून त्याने मधुमेहींची संघटना सुरू केली. ती आजही डायबेटिस यूके या नावाने चालू आहे. हे काम फार कुणी सांगत नाही, पण त्याच्या जागतिक सरकारपेक्षा त्याने जास्त लोकांचं भलं केलं असावं.

१९३६ ला त्याच्या पटकथेवर थिंग्ज टू कम हा सिनेमा आला. सिनेमाची सुरुवात ख्रिसमसच्या रात्री. साल १९४०. शहरावर विमानं येतात. एक लहान मुलगा डोक्यावर खेळण्यातलं शिरस्त्राण घालून, गळ्यात ढोल अडकवून ऐटीत चालतोय आणि त्याच्यामागं खऱ्या सैनिकांच्या प्रचंड सावल्या चालतायत, असं दृश्य त्यात आहे. लिटल वॉर्स लिहिणाऱ्या माणसाच्याच सिनेमात हे दृश्य असावं, हा योगायोग नसावा.

सप्टेंबर १९४० ला जर्मन विमानं खरंच लंडनवर आली. वेल्स सत्तरी पार केलेला. त्याचं घर हॅनोव्हर टेरेसला, रीजंट्स पार्कच्या कडेला. मित्र म्हणत होते लंडन सोड. तो हलला नाही. जर्मनीने ब्रिटन जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं याची यादी नाझींनी करून ठेवली होती, त्यात त्याचं नाव होतं. त्याची पुस्तकं तर त्यांनी आधीच जाळली होती. त्याच काळात त्याने माणसाच्या मूलभूत हक्कांवर पुस्तक लिहिलं.

मग आला ऑगस्ट १९४५. याची पाळंमुळं परत वेल्सच्याच टेबलाशी जातात. १९१४ मध्येच आलेल्या एका कादंबरीत त्याने विमानातून टाकायचे अणुबॉम्ब दाखवले होते. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने ती १९३२ ला वाचली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये असताना त्याच्या डोक्यात अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना आली. हिच्यातून काय होऊ शकतं हे त्याला लगेच कळलं, कारण त्याने वेल्स वाचला होता. बॉम्बच्या प्रकल्पाला चालना देणाऱ्यांत झिलार्ड होता आणि तो शहरावर टाकू नका म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांतही झिलार्डच होता.

हिरोशिमाची बातमी वेल्सने आजारपणात ऐकली. त्या सुमाराच्या त्याच्या शेवटच्या छोट्या पुस्तकात आशा जवळजवळ संपलेली दिसते. १३ ऑगस्ट १९४६ ला तो हॅनोव्हर टेरेसच्या घरी गेला. वय ७९. त्याची रक्षा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ओल्ड हॅरी रॉक्सजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.

त्याचे शिपाई मात्र टिकले. १९५६ च्या एका ब्रिटिश न्यूजरीलमध्ये अभिनेता पीटर कुशिंग वेल्सचे नियम वापरून शिपाई खेळताना दिसतो. हाच पुढं स्टार वॉर्समधला खलनायक टार्किन झाला. त्याच दशकात टोनी बाथ आणि डोनाल्ड फेदरस्टोन या दोन इंग्रजांनी खेळ तोफांच्या काळातून मागं नेला, प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांपर्यंत. यातला फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होता. खरी लढाई पाहून आलेला माणूस घरी टेबलावर लढाई मांडत होता.

मध्ययुगात शिरल्यावर एक अडचण होतीच. सॅक्सन आणि नॉर्मन सैन्याकडं कसली आलीय स्प्रिंगची तोफ? तिथं मारामारी ढाल, भाला, बाण आणि कुऱ्हाडीची. नेमबाजी बाद झाली आणि तिची जागा फाशांनी घेतली. ढालींची भिंत तुटेल की टिकेल, घोडेस्वार चढावर दमतील का, पळ काढणाऱ्या तुकडीमागं बाकीचे पळतील का, हे सगळं आकड्यांवर आलं. अमेरिकेत १९७१ ला चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम निघाले. त्यातल्या एका शिपायाला नाव-गाव दिलं, जादू दिली, आणि १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स तयार झालं. स्ट्रेंजर थिंग्जमधली पोरं तळघरात बसून खेळतात ते हेच. त्याचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने २००४ ला लिटल वॉर्सच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली.

नियमांची पुस्तकं बदलत राहिली. टेप मात्र अजून प्रत्येक टेबलावर असते, आणि नॉर्मन घोडेस्वार आजही सॅक्सन पायदळापेक्षा जास्त इंच पुढं जातात.